हॉलमध्ये कायमचा साउंड बसवताय? अॅम्पचे आउटपुट आणि स्पीकरचं प्रोटेक्शन असं लावा

मंगल कार्यालय असो, शाळेचा हॉल असो की देवळाचा सभामंडप, साउंड एकदा कायमचा बसवला की तो चालवणारा माणूस रोज वेगळा असतो. आज मॅनेजर, उद्या वॉचमन, परवा नवरीचा मामा मोबाईल घेऊन येतो आणि म्हणतो जरा वाढव की आवाज. भाड्याच्या सेटअपमध्ये साउंडवाला स्वतः मिक्सरवर असतो, क्लिपची (सिग्नल ताकदीबाहेर जाऊन चेपला जातोय याची) लाल लाइट लागली की त्याचा हात आपोआप खाली येतो. बसवलेल्या सिस्टिमला तो हात नसतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, लावतानाच अशी लावा की मिक्सरवर कोणीही बसला आणि सगळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) वर ढकलले तरी स्पीकर उडता कामा नये. हे जमतं, त्याला फार महाग सामानही लागत नाही, फक्त वॉटच्या नादातून बाहेर येऊन व्होल्ट आणि ओहम मोजायची सवय लावावी लागते.

पुढचं सगळं एक उदाहरण धरून सांगतो म्हणजे आकडे डोक्यात बसतील. समजा तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय आहे. स्टेजच्या दोन बाजूंना 12 इंची टॉप (वूफर आणि हॉर्न असलेले मुख्य बॉक्स), प्रत्येकी 400 वॉट आरएमएस (सतत झेपणारी पॉवर), 8 ओहम. खाली 18 इंची बेस दोन, प्रत्येकी 600 वॉट आरएमएस, 8 ओहम. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर छोटे स्पीकर, व्हरांड्यात कॉलम, पार्किंगला दोन भोंगे. टॉप आणि बेसला दोन चॅनलचे अॅम्प, 8 ओहमला 600 वॉट आणि 4 ओहमला 1000 वॉट देणारे. बाकीच्यांना 250 वॉटचा 100 व्होल्ट लाइनचा (लांब वायरींसाठी जास्त व्होल्टवर सिग्नल नेणारा, पुढे सांगतो) अॅम्प. असा हॉल कुठंही सापडेल.

स्पीकर मरतो कसा

दोनच तऱ्हेने मरतो. एक म्हणजे कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) तापून जळते, दुसरं म्हणजे कोन किंवा डायफ्राम गरजेपेक्षा जास्त हलून फाटतो नाहीतर कॉइल मॅग्नेटच्या गॅपच्या बाहेर जाऊन आपटते. तापण्याचं कारण सरासरी वॉट, आपटण्याचं कारण खालच्या फ्रिक्वेन्सीचे मोठे व्होल्ट. या दोघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, एकाच लिमिटरने (सिग्नल ठरलेल्या हद्दीच्या वर न जाऊ देणारं सेटिंग) दोन्ही सुटत नाहीत, हे आधी डोक्यात ठेवा.

तापण्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण आपल्याकडे स्पीकर जास्त करून यानेच जातात. कॉइल तांब्याची असो की अॅल्युमिनियमची, तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, तांब्याचा अंदाजे प्रत्येक डिग्रीला 0.39 टक्के. म्हणजे कॉइल 20 वरून 200 डिग्रीला गेली तर रेझिस्टन्स जवळजवळ 70 टक्क्यांनी वाढला. मग होतं काय, तेवढ्याच व्होल्टला स्पीकर कमी पॉवर घेतो, आवाज दोन-तीन डीबीने (डेसिबलने) बसतो, आणि मिक्सरवरच्या माणसाला वाटतं आवाज कमी झाला, तो अजून वाढवतो. रात्री नऊला वरात आत आली आणि आवाज "दबल्यासारखा" वाटायला लागला की समजा कॉइल गरम आहे. तेव्हा वाढवायचं नसतं. पण हे मामाला कोण सांगणार, म्हणून लिमिटर.

आणि ते "लहान अॅम्प लावला तर क्लिप होऊन स्पीकर जळतो" हे वाक्य सगळेच बोलतात, ते अर्धंच खरं आहे. क्लिपमध्ये काही जादूचं विष नसतं. साइन वेव्ह पूर्ण चेपून चौकोनी झाली की त्याच पीकला पॉवर दुप्पट होते, म्हणजे 100 वॉटचा अॅम्प फार तर 200 वॉटच्या आसपास देईल, 400 वॉटच्या वूफरला त्याने काही होत नाही. मरतो तो हॉर्नचा ड्रायव्हर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी वाजवणारं युनिट. गाणं चेपलं गेलं की बेसचे ठोके वर चढू शकत नाहीत पण बारीक आवाज मात्र वर वर येत राहतो, त्यात चेपण्यातून तयार झालेले वरचे हार्मोनिक्स, हे सगळं पॅसिव्ह क्रॉसओव्हरमधून (बॉक्सच्या आत वरच्या-खालच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं सर्किट) सरळ हॉर्नला जातं. हॉर्नच्या ड्रायव्हरची ताकद 40-50 वॉट. म्हणून पार्टीनंतर वूफर ठणठणीत आणि डायफ्राम उडालेला.

वॉट कुठला बघायचा

बॉक्सच्या मागे 1600 वॉट छापलेलं असतं ते पीक. त्याच्या निम्मं 800 प्रोग्राम, त्याच्या निम्मं 400 आरएमएस किंवा कंटिन्युअस किंवा एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या पद्धतीने मोजलेला). आपल्याला हिशोबाला फक्त शेवटचा आकडा लागतो. आणि तोही आकडा पिंक नॉइजवर (टेस्टसाठीच्या एकसारख्या खरखरीवर) ठरावीक तास चालवून काढलेला असतो, एईएसची जुनी पद्धत 2 तासांची. मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये छताजवळ टांगलेला बॉक्स पाच-सहा तास गाणी वाजवतो, ती वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे छापील आरएमएस ही हद्द समजा, रोज तिथपर्यंत जायचं ठिकाण समजू नका. बॉक्सवर फक्त एकच मोठा आकडा असेल आणि तो कुठला ते लिहिलेलं नसेल तर मी तो पीक धरतो आणि चाराने भागतो.

आता व्होल्ट. अॅम्प स्पीकरला वॉट देत नाही, व्होल्ट देतो, वॉट स्पीकरच्या ओहमप्रमाणे आपोआप ठरतात. सूत्र सोपं आहे, आरएमएस वॉट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ. आपला टॉप 400 गुणिले 8 म्हणजे 3200, वर्गमूळ साधारण 56.5 व्होल्ट. बेस 600 गुणिले 8 म्हणजे 4800, वर्गमूळ 69 व्होल्ट. हे दोन आकडे कागदावर लिहा, पुढे सगळं यांच्यावरच आहे.

इथे एक गोष्ट जी बरेच जण चुकवतात. एका चॅनलवर एक बेस लावा की दोन पॅरलल लावा, व्होल्टचा आकडा तोच राहतो, 69. कारण पॅरललमध्ये दोघांनाही तेच व्होल्ट मिळतात. बदलतं ते अॅम्पवरचं ओझं. दोन 8 ओहमचे पॅरलल झाले की 4 ओहम, चार झाले की 2 ओहम. 2 ओहमला अॅम्प चालतो असं पेपरवर लिहिलेलं असलं तरी कायमच्या कामात मी 4 च्या खाली जाणार नाही. करंट दुप्पट, वायर गरम, अॅम्प गरम, आणि कॉइल शॉर्टकडे झुकली की अॅम्पचं प्रोटेक्शन मध्येच लागून मंगलाष्टकांच्या वेळी आवाज बंद. एक चॅनल जास्तीचा घ्या.

अॅम्प केवढा घ्यायचा? लिमिटर नीट लावणार असाल तर स्पीकरच्या आरएमएसच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे गाण्यातले अचानक येणारे ठोके न चेपता निघतात. लिमिटर लावणारच नसाल, फक्त मिक्सर आणि अॅम्प असेल, तर आरएमएसच्या बरोबरीचा किंवा थोडा कमीच घ्या.

ब्रिज मोड (दोन चॅनल जोडून एकाच स्पीकरला लावणं) कायमच्या कामात शक्यतो टाळा. ब्रिजमध्ये 8 ओहमचा स्पीकर लावला तर अॅम्पच्या प्रत्येक चॅनलला तो 4 ओहमचा दिसतो, 4 चा लावला तर 2 चा. त्यात आउटपुटची कुठलीच वायर ग्राउंड नसते, दोन्ही जिवंत. उद्या कोणी इलेक्ट्रिशियन काळी वायर अर्थिंगला किंवा दुसऱ्या चॅनलच्या काळ्याला जोडेल आणि अॅम्प जाईल. हल्लीच्या बऱ्याच क्लास डी मशीनमध्ये साध्या मोडमध्येही आउटपुट आतून ब्रिजच असतो, त्यामुळे काळ्या वायरी एकत्र करून कॉमन बनवायची जुनी सवय तर सोडाच. आणि मागचा छोटा ब्रिजचा स्विच कोणाच्या हाताने सरकू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावा, खरंच लावा.

लिमिटर लावायची पद्धत

यासाठी लागतो डीएसपी (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारं मशीन) किंवा डिजिटल क्रॉसओव्हर, बऱ्याच अॅम्पमध्ये हल्ली आतच असतो. आधी अॅम्पचे मागचे-पुढचे गेन नॉब पूर्ण उघडे करा. हो, पूर्ण. कारण लिमिटर अॅम्पच्या आधी बसतो. तुम्ही नॉब अर्ध्यावर ठेवून लिमिटर सेट केला आणि नंतर कोणी नॉब पूर्ण फिरवला तर तुमचा लिमिटर असून नसल्यासारखा, व्होल्ट केव्हाच हद्दीपार गेलेले. नॉब पूर्ण उघडे असताना सेट केलं तर नंतर कोणी काहीही फिरवलं तरी आवाज फक्त कमीच होऊ शकतो. आवाज जास्त वाटत असेल तर डीएसपीच्या आउटपुट गेनमधून कमी करा आणि मग लिमिटर लावा. घों असा हम किंवा सूं असा नॉइज येत असेल तर त्याचं कारण शोधा, नॉब कमी करून झाकू नका.

मग स्पीकरच्या वायरी अॅम्पवरून काढा. सगळ्या. हे विसरलात तर टेस्ट करता करताच स्पीकर जाईल. मोबाईलवरून किंवा लॅपटॉपवरून 100 हर्ट्झची साइन वेव्ह सोडा, अॅम्पच्या आउटपुटला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. इथे 60-70 व्होल्ट निघणार आहेत, त्याचा शॉक लागतो, टर्मिनलला बोट लावू नका. आता सिग्नल हळूहळू वाढवत जा आणि लिमिटरचा थ्रेशोल्ड (जिथून तो रोखायला लागतो ती पातळी) असा लावा की इनपुट कितीही वाढवला तरी मीटर तुमच्या आकड्याच्या वर जात नाही. टॉपसाठी 56. मिक्सर लाल होईपर्यंत ढकलून बघा, मीटर जिथे आहे तिथेच थांबला पाहिजे. थांबला तर काम झालं.

साधा मल्टिमीटर 400 हर्ट्झच्या वर खोटं बोलायला लागतो, म्हणून टेस्ट खालच्या फ्रिक्वेन्सीवर करायची. मग बाय-अॅम्पमध्ये, म्हणजे हॉर्नला वूफरपासून वेगळा अॅम्प दिला असेल तर, हॉर्नच्या चॅनलचं काय, तिथे तर 100 हर्ट्झ पोचतच नाही. त्याला हिशोबाचा रस्ता आहे. त्याच मॉडेलच्या अॅम्पचा गेन मोजा, इनपुटला किती आणि आउटपुटला किती. समजा इनपुटला 0.5 व्होल्ट दिले आणि बाहेर 20 आले, म्हणजे गेन 40 पट, डीबीमध्ये 32. हॉर्नचा ड्रायव्हर 50 वॉट 8 ओहम असेल तर त्याचे व्होल्ट 400 चं वर्गमूळ म्हणजे 20. भागिले 40, म्हणजे डीएसपीतून 0.5 व्होल्टच्या वर काही जाता कामा नये, तेच डीबीयूमध्ये (0.775 व्होल्टला शून्य धरलेल्या डीबीत) उणे 3.8. तो थ्रेशोल्ड टाका. आता विचार करा, तोच अॅम्प लिमिटर नसताना 69 व्होल्ट देऊ शकतो आणि ड्रायव्हरची हद्द 20 आहे. बाय-अॅम्प करताना हॉर्नला तसाच मोठा अॅम्प लावून लिमिटर विसरला तर पहिल्याच टाळीला डायफ्राम गेला म्हणून समजा. शक्य असेल तर हॉर्नला छोटाच अॅम्प द्या.

डीएसपीमध्ये थ्रेशोल्डचा जो आकडा दिसतो तो काही ठिकाणी आरएमएसचा असतो, काही ठिकाणी पीकचा, दोघांत साइनवर 3 डीबीचा फरक. म्हणून मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही, निदान एका चॅनलवर मीटरने खात्री करतो आणि त्यावरून बाकीचे.

बेसचं गणित थोडं वेगळं निघतं बघा. दोन बेस पॅरलल म्हणजे 4 ओहम, तिथे आपला अॅम्प 1000 वॉट म्हणजे 63 व्होल्ट देतो, आणि बेसची हद्द 69. म्हणजे अॅम्प आधी संपतो. इथे लिमिटर 60 व्होल्टला लावायचा, अॅम्प क्लिपमध्ये जाऊ नये म्हणून. टेस्टला स्पीकर काढलेले असतात तेव्हा अॅम्प 63 पेक्षा जास्त दाखवेल, कारण त्यावर लोड नाहीये, त्याने फसू नका, 60 म्हणजे 60.

तुमच्या डीएसपीमध्ये पीक आणि आरएमएस असे दोन लिमिटर असतील तर फारच छान. पीकवाला अॅम्पच्या क्लिपच्या थोडा खाली, पटकन पकडणारा. आरएमएसवाला हळू, कॉइलच्या उष्णतेसाठी, आणि तो मी छापील हद्दीच्या निम्म्या पॉवरला लावतो, टॉपसाठी 40 व्होल्ट. निम्मी पॉवर म्हणजे 3 डीबी कमी, ऐकणाऱ्याला जाणवतही नाही, पण कॉइलला मोठा फरक पडतो. हॉर्नच्या बारक्या कॉइलला तो एखाद-दोन सेकंदात लागला पाहिजे, 18 इंचीच्या मोठ्या कॉइलला अजून काही सेकंद चालतात.

पीक लिमिटरचा अटॅक टाइम (पकडायला लागणारा वेळ) फ्रिक्वेन्सीप्रमाणे द्या. बेसला 16 मिलिसेकंदाच्या आसपास, मिडला 4 ते 8, हॉर्नला अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कमी. रिलीज (सोडायचा वेळ) अटॅकच्या दहा ते सोळा पट. बेसला हॉर्नसारखा फास्ट अटॅक दिला तर लिमिटर प्रत्येक लाटेलाच चावायला लागतो आणि आवाज फाटल्यासारखा येतो, मग कोणीतरी वैतागून लिमिटरच बंद करतो. तेच होऊ द्यायचं नाहीये.

कापा, खालचं कापा

लिमिटरइतकाच महत्त्वाचा हाय-पास फिल्टर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचं कापणारा) आणि तो फुकट आहे. पोर्ट (हवा ये-जा करायचं भोक) असलेला बेसचा बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो तिच्या खाली कोनला हवेचा आधारच राहत नाही, थोड्या पॉवरलाही तो बेफाम हलतो, आणि ऐकू तर काहीच येत नाही. 18 इंची बॉक्स बहुतेक 35-40 हर्ट्झला ट्यून असतात, तिथे 30-35 हर्ट्झचा हाय-पास, 24 डीबी पर ऑक्टेव्हचा. टॉपला 90-100 हर्ट्झ. हॉर्नला कंपनीच्या शीटमध्ये दिलेला कमीत कमी क्रॉसओव्हर असतो, 1 इंची थ्रोटच्या ड्रायव्हरला बहुतेक 1500-2000 हर्ट्झ, त्याच्या खाली कधीच जाऊ नका. कोणी माइक पाडला, माइकवर फुंकर मारली, चालू सिस्टिममध्ये पिन खुपसली, यात सगळी खालचीच ऊर्जा असते आणि ती या फिल्टरवरच मरते.

बाय-अॅम्प हॉर्नच्या सिरीजमध्ये एक कपॅसिटर घालाच. 8 ओहमला 20 मायक्रोफॅरॅड म्हणजे जवळपास 1000 हर्ट्झच्या खाली रस्ता बंद होत जातो, तुमचा क्रॉसओव्हर 2000 ला असेल तर आवाजात खास फरक नाही. पण उद्या कोणी वायर उलटसुलट लावून बेसचा सिग्नल हॉर्नला दिला किंवा अॅम्पने डीसी सोडला तर हा छोटा डबा डायफ्राम वाचवतो. पॉलिप्रोपिलीन फिल्मचा घ्या, 250 व्होल्टचा. साधा इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही.

पॅसिव्ह बॉक्समध्ये आत एक छोटा बल्ब किंवा पॉलिस्विच (गरम झाला की करंट रोखणारा) असतो हॉर्नच्या लाइनमध्ये. जास्त पॉवर आली की बल्ब पेटतो आणि तेवढी पॉवर खातो. तो गेला की काही जण तिथे सरळ वायरचा तुकडा टाकून देतात, आवाजही जरा मोकळा वाटतो. मग पुढच्या लग्नात डायफ्राम जातो. बल्ब गेला तर तसाच बल्ब टाका.

100 व्होल्टची लाइन

जेवणाचा हॉल, व्हरांडा, पार्किंग इथे लांब वायरी आणि खूप स्पीकर, तिथे 100 व्होल्ट लाइनच बरी. इथला हिशोब उलट सोपा आहे. प्रत्येक स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरवर किती वॉटचा टॅप (जोडणीचा पॉइंट) निवडला ते जोडत जायचं. जेवणाच्या हॉलचे 8 स्पीकर 10 वॉटवर म्हणजे 80, व्हरांड्यातले 4 कॉलम 20 वर म्हणजे 80, दोन भोंगे 30 वर म्हणजे 60. एकूण 220. आपला अॅम्प 250 चा, वरवर पाहता बसतो. पण मी वीस-पंचवीस टक्के जागा ठेवल्याशिवाय लाइन लावत नाही, ट्रान्सफॉर्मर स्वतः थोडं खातात, आणि उद्या मालक म्हणणार अजून एक स्पीकर गेटला लावा. व्हरांड्यातले कॉलम 10 वर घ्या, 40 वाचले, एकूण 180, आता निवांत.

ओहममध्ये बघायचं तर 10000 भागिले वॉट. 250 वॉटच्या अॅम्पला कमीत कमी 40 ओहमचं लोड लागतं, आपलं 180 वॉटचं लोड 55 ओहमच्या आसपास येतं. हे मल्टिमीटरच्या ओहमवर मोजता येत नाही, तो ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगचा फक्त डीसी रेझिस्टन्स दाखवतो, अगदी थोडे ओहम, आणि माणूस घाबरतो की लाइन शॉर्ट आहे. इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा एकूण विरोध) मोजणारा मीटर असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर 100 ओहम 10 वॉटचा एक रेझिस्टर लाइनच्या सिरीजमध्ये लावा, एखाद्या छोट्या अॅम्पमधून 400 हर्ट्झचे चार-पाच व्होल्ट सोडा, रेझिस्टरवर किती व्होल्ट आणि लाइनवर किती ते मोजा. लाइनचे भागिले रेझिस्टरचे, गुणिले 100. आपल्या लाइनवर हे 55 च्या जवळ यायला पाहिजे. 25-30 आलं तर कुठला तरी टॅप चुकलाय नाहीतर कोणी ट्रान्सफॉर्मर नसलेला स्पीकर लाइनवर टाकलाय.

आणि ते तर फारच घातक. 8 ओहमचा साधा स्पीकर 100 व्होल्टवर सरळ लावला तर 10000 भागिले 8, म्हणजे तो 1250 वॉट मागतो. अॅम्प शॉर्ट समजून बंद पडेल किंवा स्पीकर जळेल, दोन्हीतलं एक नक्की. म्हणून 100 व्होल्टच्या आणि साध्या स्पीकरच्या वायरी वेगळ्या रंगाच्या घ्या, वेगळ्या पाइपमधून न्या, दोन्ही टोकांना लेबल लावा. मिक्सर-अॅम्पच्या मागे कॉमन, 4, 8, 16 ओहम, 70 व्होल्ट, 100 व्होल्ट अशी टर्मिनल ओळीत असतात, एका वेळी कॉमन आणि त्यातलं एकच वापरायचं. 100 वर भोंगे आणि 8 वर अजून एक बॉक्स अशी खिचडी नको.

ट्रान्सफॉर्मरला खालच्या फ्रिक्वेन्सी झेपत नाहीत, कोअर सॅच्युरेट होतो आणि अॅम्पला ते शॉर्टसारखंच दिसतं. गाणी लावली की अॅम्प ट्रिप होतो, नुसतं बोललं की होत नाही, अशी तक्रार आली की कारण बहुतेक हेच. लाइनला 100 हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावा. भोंग्याला तर 300 च्या खालचं काहीच नको, 30 वॉटच्या टॅपवर सिरीजमध्ये दीड ते दोन मायक्रोफॅरॅडचा फिल्म कपॅसिटर टाका, युनिटचं आयुष्य वाढतं आणि आवाजही स्वच्छ येतो.

भोंगे बाहेर आहेत म्हणून एक सांगतो. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि दिवसासुद्धा आवारच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डीबी जास्त किंवा 75 डीबी, यातलं जे कमी असेल तेवढंच. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा 55, म्हणजे तुम्हाला 65. बाहेरच्या झोनचा लिमिटर सीमेवर मीटर धरून याच आकड्याला लावून टाका आणि रात्री 10 ला तो झोन टायमरने बंद करा. मालकाची पोलिसांशी रोजची कटकट वाचते.

वायर, लाइट आणि डीसी

वायरमध्ये कंजुषी करू नका. 30 मीटर लांब 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन-येऊन 60 मीटर, तिचा रेझिस्टन्स 0.42 ओहम. 4 ओहमच्या बेसवर जवळजवळ 0.9 डीबी तिथेच गेले. 1.5 ची घेतली तर 1.4 डीबी. तेवढी पॉवर वायर गरम करण्यात जाते, वर बेस ढिला वाजतो. म्हणून बेसचा अॅम्प बेसच्या जवळ ठेवा, लांब न्यायचीच असेल तर 4 स्क्वेअर. 100 व्होल्ट लाइनला मात्र 1 स्क्वेअरची 100 मीटर वायरसुद्धा चालून जाते, मोठ्या आवारात ती लाइन घ्यायचं कारणच हे.

आता डीसी. अॅम्पचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की रेलचे (अॅम्पच्या आतल्या सप्लायचे) पूर्ण डीसी व्होल्ट स्पीकरवर येतात, कोन एका बाजूला खेचून धरला जातो आणि कॉइल काही सेकंदात लाल, कधी कधी कोनला आगच लागते. कुठलाही लिमिटर इथे कामाचा नाही कारण बिघाड लिमिटरच्या पुढे आहे. चांगल्या अॅम्पमध्ये आउटपुटला रिले असतो जो डीसी आला की तोडतो, चालू करताना जो टक असा आवाज दोन-तीन सेकंदांनी येतो तो तोच. असा रिले नसलेला अॅम्प कायमच्या कामाला घेऊ नका, जुना असेल तर बाहेरून लावायचं डीसी प्रोटेक्शनचं सर्किट मिळतं ते लावा. आणि नवा-जुना कुठलाही अॅम्प स्पीकरला जोडायच्या आधी सिग्नल न देता आउटपुटवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. 50 च्या आत असेल तर ठीक, 100 च्या वर असेल तर आधी रिपेअरला.

आपल्याकडे लाइट जाते आणि येते हा वेगळाच त्रास आहे. लाइट आली की मिक्सर, डीएसपी, अॅम्प सगळे एकदम चालू होतात आणि डीएसपी बूट होताना जो धप्प आवाज सोडतो तो पूर्ण ताकदीने स्पीकरवर जातो. चालू करताना आधी मिक्सर, मग डीएसपी, शेवटी अॅम्प, बंद करताना उलट, हा नियम सगळ्यांना पाठ असतो पण लाइट तो पाळत नाही. म्हणून अॅम्पची लाइन कॉन्टॅक्टरवरून घ्या, बोअरच्या मोटरला स्टार्टर असतो तसा, हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू होणार नाही आणि लाइट गेली की सुटून जाईल. बजेट असेल तर सिक्वेन्सर (मशीनं ठरलेल्या क्रमाने चालू-बंद करणारा) लावा. त्याच कॉन्टॅक्टरला ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले जोडा, कारण थ्री फेजच्या कनेक्शनमध्ये न्यूट्रल सुटला की सॉकेटवर 230 च्या जागी 350-400 व्होल्ट येऊ शकतात आणि सगळी रॅक एका क्षणात जाते. जनरेटरच्या चेंजओव्हरपाशी हे जास्त होतं, तिथला न्यूट्रलचा नटबोल्ट स्वतः बघून घ्या. अर्थिंग मात्र कधीही तोडू नका, हम येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायची पद्धत माणसाच्या जिवावर येते.

देताना

सगळं झालं की स्पीकर परत जोडायच्या आधी प्रत्येक वायरचा रेझिस्टन्स अॅम्पच्या टोकाकडून मोजा. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते साडेसहा दाखवतो, दोन पॅरलल असतील तर तीनच्या जवळ. शून्य आला तर कुठेतरी तारेचा केस लागून शॉर्ट झालाय, काहीच आला नाही तर वायर तुटलीय. सिरीजमध्ये कपॅसिटर घातलेल्या हॉर्नच्या लाइनवर तो काहीच दाखवणार नाही, तिथे मीटर सरळ ड्रायव्हरवर लावायचा. हे आकडे एका कागदावर लिहा, चॅनलनुसार, सोबत लिमिटरचे व्होल्ट, हाय-पास, अॅम्पचा गेन, 100 व्होल्ट लाइनचे टॅप आणि मोजलेला इम्पीडन्स. कागद लॅमिनेट करून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. डीएसपीला पासवर्ड लावा, सेटिंगची फाइल मालकाला आणि स्वतःला ठेवा, अॅम्पच्या नॉबवर प्लेट मारा. मॅनेजरच्या हाताला फक्त मिक्सरचे फेडर आणि हिरवं-लाल बटण राहिलं पाहिजे.

मग मालकाला समोर उभं करून मिक्सर पूर्ण वर ढकलून वाजवून दाखवा. लिमिटरच्या लाइट लागतील, आवाज एका जागी थांबेल. तेव्हाच सांगून ठेवा की आवाज इथेच थांबणार आहे, याच्यापेक्षा जास्त हवा असेल तर अजून स्पीकर लागतील. काम देताना हे बोललं नाही तर तीन महिन्यांनी कोणीतरी दुसरा येऊन लिमिटर काढून देतो.

दर सहा महिन्यांनी, जमलं तर लग्नसराई सुरू व्हायच्या आधी, तो कागद घेऊन तेच आकडे परत मोजा. साडेसहाचा स्पीकर पाचवर आला असेल तर कॉइलचे वेढे आत कुठेतरी शॉर्ट झालेत, तो वाजतोय तोवरच उतरवा. पॅरलल लाइनवर तीनच्या जागी सहा दिसले तर एक बेस गेलाय आणि कोणाला कळलेलंच नाही. सोबत अॅम्पच्या फॅनची जाळी ब्लोअरने साफ करा, स्पीकॉन (स्पीकरच्या वायरीचे कनेक्टर) फिरवून घट्ट करा, टर्मिनलचे स्क्रू पिळून घ्या आणि कॉन्टॅक्टर एकदा मेन स्विच पाडून तपासा, लाइट परत दिल्यावर अॅम्प आपोआप चालू होत असेल तर त्याचं वायरिंग बदललंय.